प्लेगच्या साहेबाची भूमिका

शनिवार, १२ जानेवारी २००८, नोव्हाय

विनीताताईंनी आज सगळ्या नटांना सांगितलं की भूमिकेबद्दल जे सुचेल ते लिहून ठेवा, कागदावर उतरलं की अंगात उतरतं. कॉलेज सोडल्यापासून मी डायरी लिहिलेली नाही. बघू या.

इथल्या मराठी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात यंदा नेहमीचं विनोदी नाटक नाही. विनीताताईंनी स्वतः एक लिहिलंय, १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगवर. त्या अ‍ॅन आर्बरला साथीच्या रोगांच्या डॉक्टर आहेत, त्यामुळे अभ्यास पक्का. मला वाटलं होतं घरमालकाचं काम मिळेल. ते संग्रामला गेलं. संग्राम कोल्हापूरचा, आमच्याच कंपनीत दोन वर्षांपूर्वी आलेला मुलगा, आवाज चांगला आहे. त्याची बायको म्हणून सुमेधा, माझी खरी बायको. नाटकात तिला प्लेगची गाठ आलीय आणि नवऱ्याने तिला कोठीच्या खोलीत लपवलंय. आणि मी गोरा साहेब, झडतीच्या तुकडीचा अधिकारी. का, तर डोळे घारे आणि उंची सहा फूट.

घरी येताना सुमेधा गाडीत म्हणाली, "तू आणि साहेब? तू तर वेटरला पाणी मागताना सॉरी म्हणतोस."

खरं आहे ते.

शनिवार, १९ जानेवारी

तालीम जगन्नाथकाकांच्या बेसमेंटमध्ये होते. काका मंडळाचे अध्यक्ष, रिटायर झाल्यापासून सुतारकाम करतात. त्यांनी चौकटीसकट दार बनवलंय. मधली फळी पातळ प्लायवुडची, मोडली की नवी बसवायची. साहेबाने लाथ घालून ती तोडायची आणि आत शिरायचं.

मी लाथ मारली. दार हललंसुद्धा नाही. सगळे हसले, संग्राम सगळ्यात जास्त.

विनीताताई हसल्या नाहीत. "दिगंबर, तुम्ही हळदीकुंकवाला आलेले नाही आहात. आत रोगी आहे हे तुम्हाला कळलंय, आणि ही माणसं तुमच्याशी खोटं बोलतायत."

मी विचारलं, "पण तो तर त्यांचा जीव वाचवायला आलाय ना? मग एवढा राग कशाला?"

"त्याला खात्री आहे की तो जीव वाचवतोय. म्हणूनच तो थांबत नाही. उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे हे पसरतंय, हे त्याला माहीतच नाही. तो जमीन खणतो, कौलं काढतो, अंथरुणं जाळतो, बायकांना रस्त्यात उभं करून काखा तपासतो. तोवर पिसवा शेजारच्या घरात गेलेल्या असतात."

वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे: त्याला खात्री आहे की तो जीव वाचवतोय.

रविवार, २७ जानेवारी

आज दार तुटलं.

तालमीला जाण्याआधी मी गराजमध्ये एकटाच ओरडायची प्रॅक्टिस केली. पोटातून आवाज काढायचा. आणि मग बेसमेंटमध्ये लाथ घातली तेव्हा फळी मधोमध चिरली, एक तुकडा उडून पार कपड्यांच्या ड्रायरवर आपटला. माझ्या नडगीला खरचटलं, रक्त आलं, पण ते नंतर बघितलं. संग्रामच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जगन्नाथकाका म्हणाले, "अरे, कुठे लपवून ठेवला होतास हा माणूस?"

पुढच्या प्रसंगाची टेक्निक शिकलो. साहेब बाईला केस धरून रस्त्यावर ओढत आणतो. ताईंनी दाखवलं की मूठ डोक्यावर नुसती ठेवायची. तिने आपल्या दोन्ही हातांनी ती घट्ट धरायची आणि स्वतःच सरकत यायचं. ओढणारा ओढत नाही, जिला ओढतात ती चालवते. लोकांना मात्र ओढल्यासारखं दिसतं. मग साहेब तिला हात वर करायला लावतो आणि सगळ्या आळीसमोर काखेतली गाठ तपासतो.

सुमेधाने ते सुंदर केलं. मलाच ते खोटं वाटत राहिलं.

शनिवार, ९ फेब्रुवारी

साहेबाच्या छडीला काळा फोम गुंडाळलेला होता. त्याने मारलं तर आवाज येत नाही. मी फोम काढून टाकला. बांबूची नागडी छडी देवघराच्या पाटावर आपटली तर कसला आवाज येतो! समया, ताम्हन, फुलपात्रं, सगळं बेसमेंटभर. विनीताताई म्हणाल्या, "वस्तूंवर चालेल. माणसांवर नाही." मी हो म्हणालो.

मंगळवार, १२ फेब्रुवारी

ऑफिसबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण आजचं लिहितो. कारखान्यातली आमची एक लाइन मार्चमध्ये बंद होतेय आणि मशीन काढायचं काम माझ्याकडे आहे. लाइनवरचा एक म्हातारा टेक्निशियन रोज काहीतरी कारण काढून उशीर करतो. एरवी मी ईमेल लिहिली असती. आज खाली गेलो आणि त्याच्या हातातला पाना काढून घेऊन जमिनीवर फेकला. पोटातला आवाज आपोआप आला. तो दोन पावलं मागे सरला, आणि दुपारपर्यंत मशीन निघालं.

संध्याकाळी मॅनेजर माझ्या क्युबिकलपाशी थांबला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, तुझ्यात हे आहे हे माहीत नव्हतं.

रविवार, १७ फेब्रुवारी

जेवताना आमच्या मुलीने, कादंबरीने, फोन खाली ठेवला नाही. ती सोळा वर्षांची आहे. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देते, तेही अर्धं. मी एकदाच म्हणालो, "ठेव." त्या आवाजात. तिने ठेवला. जेवण संपेपर्यंत मान वर केली नाही आणि वाटीतलं सगळं वरण संपवलं.

इतकी वर्षं मी उगाच समजावत बसलो.

सुमेधा नंतर भांडी विसळताना म्हणाली, "तिच्याशी तसं नको बोलूस. ती घाबरली." मी म्हणालो, "घाबरली नाही, ऐकलं." ती मला वळसा घालून गेली. आमचं किचन तसं लहानच आहे.

शनिवार, २३ फेब्रुवारी

आज तालमीत अपघात झाला. संग्राम कोठीच्या दारात आडवा येतो, मी छडी उगारतो, त्याने वेळेत खाली बसायचं. तो बसला नाही. डोक्यावर हात धरले. छडी बोटांवर बसली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मोडली. आवाज फळीसारखाच आला.

तो तिथेच गुडघ्यांवर बसला आणि तोंडाने श्वास घेत राहिला. एकदा म्हणाला, "सर, मी बसलो होतो. बसलो होतो मी."

मी त्याला स्वतः अर्जंट केअरच्या दवाखान्यात नेलं, फॉर्म भरले, येताना त्याला आवडतात म्हणून टॅको घेऊन दिले. त्याने खाल्ले नाहीत. गाडीत तो माझ्याकडे न बघता खिडकीबाहेरचा बर्फ बघत होता. मोडलेलं बोट दुखतं, मला कळतं. पण त्याने वेळ चुकवली, ही गोष्ट मी नाटकाच्या भल्यासाठी तरी सांगायला हवी.

रविवार, २ मार्च

आज ओढायचा प्रसंग चार वेळा केला. सुमेधाची एंट्री ढिली पडत होती. रडते, पण शाळेतल्या गॅदरिंगसारखं. मी म्हणालो, जरा खरं करू. मनगट धरून बाहेर काढलं. तेव्हा पहिल्यांदा तिच्या तोंडून खरा आवाज आला. जगन्नाथकाका कोपऱ्यातून म्हणाले, "क्या बात है." विनीताताईंनी मध्येच तालीम थांबवली आणि सुमेधाला वरच्या मजल्यावर चहाला घेऊन गेल्या. दोघी बराच वेळ खाली आल्या नाहीत.

तिच्या हाताला लगेच वळ उठतात. लग्नात बांगड्या भरताना पण उठले होते.

रविवार, ९ मार्च

उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे केली. सकाळभर डोकं जड.

दाढी करताना आरशात बघून साहेबाची वाक्यं म्हणत होतो. "आत कोण आहे? शेवटचं विचारतो." सुमेधा टॉवेल ठेवायला आत आली होती, ती दारातच थांबली. आरशात आमची नजरानजर झाली. मी वाक्य संपवलं. तिने टॉवेल खाली टाकला आणि गेली.

मला एक क्षण भीती वाटली, हे इथे लिहितो. तिची नाही. वाक्य मध्येच सोडता आलं नाही, याची. जीभ थांबतच नव्हती. पण मग वाटलं, भूमिका अंगात उतरणं म्हणजे हेच असेल. विनीताताईंना विचारायला हवं. विचारलं नाही.

शनिवार, १५ मार्च

कादंबरी हल्ली रोज शाळेतून उशिरा येते. विचारलं तर म्हणते, "Stuff." काल मॉलमध्ये बारावीची मुलं पकडली, बॅगेत नशेच्या गोळ्या सापडल्या, असं मंडळात कुणीतरी सांगितलं. मी वर गेलो. दार आतून बंद. तिला तीनदा नीट सांगितलं. "Go away, Dad," म्हणाली.

घरातली दारं जगन्नाथकाकांच्या दारापेक्षा पोकळ आहेत. एका लाथेत बिजागरीसकट आत गेलं.

ती पलंगाच्या पलीकडे भिंतीला चिकटून उभी होती. मी गादी उलटी केली. कपाट रिकामं केलं. ड्रॉवर ओढून काढले. उशांची पोटं फाडली. खिडकी उघडून अंथरूण बाहेर बर्फात टाकलं, कारण त्यात काय असेल सांगता येत नाही. तिला हात वर करायला सांगितलं आणि जॅकेटचे खिसे तपासले. काही सापडलं नाही. एक तापाच्या गोळ्यांची बाटली, तीही सुमेधानेच दिलेली. तिला ताप होता म्हणे. मला कुणी सांगितलं नव्हतं.

सुमेधा मध्ये पडली तेव्हा कोपराने ढकललं गेलं. तिचा ओठ चौकटीवर आपटून फुटला. मी बर्फ आणून दिला. तिने घेतला नाही, सिंकमध्ये रक्त थुंकून नळ सोडून दिला.

मी मुलीला समजावलं, हे तुझ्याच भल्यासाठी आहे. काही असतं आणि मी बघितलं नसतं तर? ती म्हणाली, "Okay." पुन्हा पुन्हा. "Okay, okay, okay."

निदान आता उत्तर तरी देते.

गुरुवार, २० मार्च

कादंबरीचा खोकला हटत नाही म्हणून सुमेधा तिच्या खोलीत झोपते. दाराच्या जागी दोघींनी ड्रेसर सरकवलाय. शाळेच्या काउन्सेलरने सुमेधाला भेटायला बोलावलं होतं. केमिस्ट्रीचे मार्क घसरलेत, दुसरं काय असणार. मी येऊ का म्हणून विचारलं, ती घाईने नको म्हणाली. कपाटात टॅक्सचे कागद शोधत होतो, तर पासपोर्ट नेहमीच्या जागी नाहीत. सुमेधाची आवराआवर. ती एकदा आवरायला लागली की थांबत नाही.

शनिवार, २९ मार्च

तालमीनंतर विनीताताईंनी मला थांबवून घेतलं. जगन्नाथकाकाही होते.

ताई म्हणाल्या, "मी ओढायचा प्रसंग काढून टाकतेय. साहेब दारात येतो, तिथेच अंधार. उरलेलं आवाजावर."

मी म्हणालो, "मग राहिलं काय नाटकात?"

"प्लेग राहिला. माणसं राहिली." मग हळू आवाजात, "दिगंबर, सुमेधाचा ओठ कशाने फुटला?"

"दाराने."

"मी तिलाही विचारलं. तीसुद्धा दारानेच म्हणाली."

"मग झालं तर."

मी म्हणालो, प्रसंग निघणार असेल तर मीही निघतो. जगन्नाथकाका मध्ये पडले. तिकिटं संपलीत, टोलेडोहून लोक येतायत, दोन आठवड्यांत दुसरा साहेब कुठून आणायचा? "विनीता, नाटकात एवढं चालायचंच. छडीला फोम लावू परत. काय रे दिगंबर?" मी मान हलवली. ताईंनी सुमेधाला वरून बोलावलं आणि सरळ विचारलं, तुला करायचंय का? नसेल तर आत्ता सांग.

सुमेधाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "स्टेजवर करीन मी," म्हणाली. "स्टेजवर काही नाही."

प्रसंग राहिला. मला बरं वाटलं. बायको म्हणून तिने माझा शब्द राखला.

सोमवार, १४ एप्रिल, फार्मिंग्टन

मोटेलमध्ये आहे. शनिवारी रात्रीपासून कालपर्यंत लॉकअपमध्ये होतो. घरी जायला, फोन करायला मनाई आहे. झालं ते क्रमाने लिहितो, म्हणजे वकिलाला सांगता येईल.

हायस्कूलचं ऑडिटोरियम भरलेलं होतं. पहिला अंक छान गेला. उंदीर पडतात, शेजारची दोन माणसं जातात, सुमेधाला ताप भरतो, संग्राम तिला कोठीत लपवतो. दुसऱ्या अंकात मी आलो. दार पहिल्या लाथेत फुटलं आणि सगळ्या थिएटरने एकदम श्वास घेतला. तो आवाज मी विसरणार नाही.

देवघर भिरकावलं. अंथरुणांवर फिनेलची बादली ओतली. संग्राम, त्याच्या बोटांना अजून पट्टी होती, कोठीच्या दारात आडवा आला. छडीवर फोम होता. म्हणून मी ती उलटी धरली, मूठ पुढे करून. खांद्यावर मारलं. मग कानावर. तो खाली बसला तरी वाक्यं बाकी होती म्हणून आणखी दोनदा. त्याच्या कानातून रक्त सदऱ्यावर आलं. पुढच्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "काय मेकअप केलाय."

तेवढ्यात सुमेधा स्वतःच कोठीतून बाहेर आली. तिची एंट्री अजून नव्हती. म्हणाली, "दिगंबर, बास. त्याला लागतंय." भर स्टेजवर माझं नाव. सगळं नाटक तिने मोडलं असतं. मी केस धरले. तिने माझी मूठ धरायला हवी होती. धरली नाही. ती स्वतः सरकली नाही, म्हणून मला ओढावं लागलं. फुटलेल्या फळीवरून ओढलं, तिथे तिची पोटरी फाटली. स्टेजच्या मध्यावर आणून मी ओरडलो, "हात वर कर." तिने केले. दोन्ही. माझ्या मुठीत तिचे केस सुटून आले होते, मुळांसकट.

आणि टाळ्या सुरू झाल्या. आधी मागून, मग सगळीकडून.

तिसऱ्या रांगेतून कादंबरी उठली. "That's not acting!" मग मराठीत, जे ती कधी बोलत नाही, "आईला सोड. आईला सोड." लोक तिला खाली बस म्हणत होते. ती पायऱ्या चढून वर आली आणि माझ्या हाताला लोंबकळली. मी झटकलं. ती स्टेजवरून खाली पडली, हात अंगाखाली आला.

तेव्हा टाळ्या थांबल्या. पडदा कुणी पाडला माहीत नाही. पोलीस आले तेव्हा मी साहेबाच्याच कपड्यात होतो. त्यांनी मला हात वर करायला सांगितलं.

सोमवार, २८ एप्रिल

विनीताताईंचा फोन आला. संग्रामच्या कानाचा पडदा फाटलाय, डाव्या बाजूने ऐकू येत नाही. कादंबरीच्या हातात प्लेट घातली. सुमेधाच्या पायाला टाके आहेत. दोघी कुठे आहेत ते सांगणार नाही म्हणाल्या.

मी म्हणालो, "ताई, तुम्हीच शिकवलंत मला."

"मी असा माणूस कसा ओळखायचा ते लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या समोर बसला होता तरी मी ओळखला नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा मी विंगेत होते. पडदा पाडायला दोरी माझ्याच हाताशी होती. ते माझं मला बघायचंय. तुमचं तुम्ही बघा."

आणि फोन ठेवला. मला वाटलं होतं त्या निदान काम कसं झालं ते सांगतील.

गुरुवार, ५ जून

आज कोर्ट. वकिलाच्या सल्ल्याने मी गुन्हा कबूल केला होता, आज शिक्षा सांगायची होती. ऑफिसातून मागच्या आठवड्यात कमी केलं. लाइन बंद झाल्यामुळे, असं कारण दिलंय.

सुमेधा पलीकडच्या बाजूला बसली होती. केस फार आखूड कापलेत. कादंबरी तिच्या शेजारी, हात अजून झोळीत. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. जजने सुमेधाला विचारलं, काही बोलायचंय का? ती उभी राहिली. इंग्रजी ती नेहमी अडखळत बोलते. आज अडखळली नाही.

ती म्हणाली की फेब्रुवारीपासून घरात तिला भीती वाटत होती. मुलीला घेऊन निघायची तयारी झाली होती, शाळेच्या काउन्सेलरने जागा पाहून दिली होती, पाडव्याचा कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं होतं. "लोकांनी मला विचारलं, मग नाटक का केलंस? मला वाटलं, स्टेजवर सगळे बघत असतील. तेवढा वेळ मी सुरक्षित असेन."

मी मनात तिचं बोलणं तपासत होतो. सगळे बघत होते, हे खरं आहे. मंडळातले सगळे होते. प्रत्येक जण बघत होता.

जजने शिक्षा सांगितली. तीन महिने तुरुंग, मग दोन वर्षं प्रोबेशनची देखरेख, दर आठवड्याला राग आवरायचा क्लास, दोघींपासून लांब राहायचं, पत्र नाही, निरोप नाही. वाचून झाल्यावर चष्म्यावरून बघत त्याने मला विचारलं, हे सगळं समजलं का?

"येस," मी म्हणालो.

पलीकडे सुमेधाचा एक हात झटकन स्वतःच्या डोक्यावर गेला. दुसरा कादंबरीच्या डोक्यावर. पोलीस एक पाऊल पुढे आला आणि दोघींच्या आणि माझ्या मध्ये उभा राहिला.

मी नुसतं येस म्हणालो होतो. हळूच म्हणालो होतो.